लाल पट्टीचा कॉलम

ऑक्सफर्डमधल्या त्या प्रयोगशाळेत एकही बाटली, नळी किंवा डबा उघड्या अंगाने उभा राहिलेला कुणी पाहिला नसेल. हेझल क्वॉर्टरमेन प्रत्येकाला रंगीत चिकटपट्टी नेसवायची. निळी म्हणजे आम्ल, हिरवी म्हणजे दुसऱ्याचं आहे, लांब राहा, आणि लाल म्हणजे आधी विचार कर, मग हात लाव. ऐन तारुण्यात इथे सामान सांभाळायला लागलेली ही बाई आता साठीला टेकली होती. तिच्या देखत प्राध्यापक आले आणि गेले, जुनी इमारत पाडून नवी उभी राहिली, पट्ट्यांचे रंग मात्र बदलले नाहीत. नव्या पोरांना वाटायचं, बाई खडूस आहे. तशी ती होतीच थोडी. चहाच्या खोलीत कुणी खरकटा कप टाकून गेलं तर ती तो कप उचलून त्या माणसाच्या टेबलावर, त्याच्या कागदांवरच नेऊन ठेवायची.

या प्रयोगशाळेचा धंदा चिकटवण्याचा. घसा धरवणारा एक जंतू असतो. त्याच्या अंगावरच्या एका प्रोटीनने स्वतःच्या आतच एक पक्की गाठ मारलेली असते. शहाण्या लोकांनी त्या प्रोटीनचे दोन तुकडे केले, तर ते दोन्ही तुकडे एका नळीत सोडल्यावर एकमेकांना शोधून काढतात आणि पुन्हा गाठ मारून बसतात. लहान तुकडा म्हणजे टॅग, मोठा तो कॅचर. टॅग कुठल्याही प्रोटीनला शेपटीसारखा लावून द्यावा, म्हणजे ते प्रोटीन कॅचर असेल तिथे जाऊन चिकटतं. इतर प्रोटीनंही एकमेकांना धरतात, पण ते धरणं जत्रेत पोराने आईचं बोट धरावं तसं, गर्दीत सुटू शकतं. हा रासायनिक बंध. परीक्षा घ्यायची तर साबणाच्या पाण्यात घालून उकळायचं. बाकीच्या जोड्या तिथे उसवतात, ही तशीच राहते.

नव्या पोरांना हे समजावून सांगायचं काम हेझलचं. "उकळून बघा," ती म्हणायची, "सुटलं तर मला येऊन सांगा." कोठार सांभाळणारा डेस तेवढ्यात दारातून डोकवायचा आणि म्हणायचा, "माझं लग्न तर नुसतं कोमट झालं तेव्हाच सुटलं." हा विनोद तो दर ऑक्टोबरला, नवी पोरं आली की, करायचा आणि हेझल दर ऑक्टोबरला ऐकलं न ऐकलंसं करायची.

पोरं तीन-चार वर्षं राहायची, डॉक्टरेट घ्यायची आणि जायची. जाताना गळ्यात पडायची. पहिल्या नाताळाला लांबलचक कार्ड यायचं, पुढे दोन ओळी, मग काहीच नाही. ती सगळी कार्डं चहाच्या खोलीतल्या फ्रिजच्या दारावर लावलेली होती, आणि फ्रिज उघडताना त्यांतलं एखादं गळून पडलं की हेझल ते उचलून नव्या पट्टीने पुन्हा लावायची. राग नव्हता तिला. पाखरं उडायचीच, हे तिला कळत होतं. पण जे कळतं ते सोसतंच असं थोडंच आहे?

तिचं घर काउली रोडवरून आत वळल्यावर विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगेत होतं. वडील मोटारींच्या कारखान्यात होते. ते गेले, मग आई अंथरुणाला खिळली आणि फार वर्षं खिळून राहिली. त्या वर्षांत एक माणूस होता, चर्चच्या घंटा वाजवणाऱ्या मंडळीतला. तो वाट बघतो म्हणाला, आणि काही वर्षं बघून बॅनबरीच्या एका बाईशी लग्न करून मोकळा झाला. आई गेली तेव्हा हेझल पन्नाशीच्या आसपास होती. घर खायला उठायचं. संध्याकाळी बसमधून उतरल्यावर ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी जायची.

काही वर्षं अशी काढल्यावर तिने मागची खोली भाड्याने द्यायची ठरवली, आणि शॉनेड आली.

शॉनेड वेल्सची. पश्चिमेकडच्या डोंगरात तिच्या बापाच्या मेंढ्या. हेझलच्याच प्रयोगशाळेत डॉक्टरेटसाठी आलेली, उंच, धांदरट, आणि एकटी असली की आपल्या भाषेत गाणी म्हणणारी. पहिल्याच दिवशी डेसने विचारलं, "काय पोरी, घरी मेंढ्या ठीक ना?" तर ही म्हणाली, "ठीक आहेत. कोठार सांभाळायला माणूस हवा असेल तर एखादी पाठवून देते, सामान तरी वेळेवर मिळेल." हेझल त्या दिवशी चहाच्या खोलीत मोठ्याने हसली. तिला असं हसताना पाहून लोक चपापले.

तीन वर्षं दोघी एकाच बसने गेल्या, एकाच बसने आल्या. शनिवारी हेझल मंडईतून लार्डी केक आणायची, चरबीने आणि साखरेने निथळणारा, आणि शॉनेड म्हणायची, "हे खाऊन माणूस मरतो गं," आणि दुसरा तुकडा घ्यायची. सोमवारी टीव्हीवर कॉलेजच्या पोरांची प्रश्नमंजुषा लागायची. शॉनेडला विज्ञानाची उत्तरं यायची, हेझलला झाडांची आणि भजनांची, आणि राजेरजवाड्यांची दोघींनाही यायची नाहीत. शॉनेडला दारं लावायची सवय नव्हती, हेझल तिच्या मागे एकेक दार लावत फिरायची आणि पुटपुटायची, "गोठ्यात वाढलीयस का?" खरं सांगायचं तर तिला सगळ्यात आवडायचा तो कुलपातल्या किल्लीचा आवाज. दुसऱ्या कुणाच्या तरी किल्लीचा.

शेवटच्या वर्षीच्या सप्टेंबरात शॉनेड स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "हेझल, मला नोकरी लागली. डनीडिनला."

"ते कुठे आलं?"

"न्यूझीलंड. अगदी खाली. जानेवारीत रुजू हो म्हणतात, नाहीतर दुसऱ्याला घेतील."

"छान झालं," हेझल म्हणाली आणि तव्यावर अंडी फोडली. त्यातलं एक फुटलं. ते तिने स्वतःच्या ताटात घेतलं.

जायच्या आधी शॉनेडचा प्रबंध पुरा व्हायला हवा होता, आणि प्रबंधाचा शेवटचा प्रयोग अडला होता. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसा तो प्रयोग. मलेरियाच्या परजीवीचं एक प्रोटीन होतं, महाहट्टी. किड्यांच्या पेशींत वाढवावं लागायचं आणि तरी नखाएवढंच हाती यायचं. त्याला टॅगची शेपटी लावून कॅचरने मढवलेल्या सूक्ष्म गोळ्यांवर बसवायचं, म्हणजे कधीतरी त्याची लस होईल, असा बेत. तिने महिनोन् महिने खपून एकदाचं पुरेसं प्रोटीन जमवलं होतं. राहिली होती ती अखेरची स्वच्छता, प्रोटीन कॉलममधून गाळून काढण्याची.

कॉलम म्हणजे बोटाएवढी उभी प्लास्टिकची नळी. आत भिजवलेल्या रव्यासारखे पांढरे मणी, खाली तोटी. वरून प्रोटीनचं पाणी सोडायचं. घाण थेंबाथेंबाने खाली जाते, प्रोटीन मण्यांना धरून राहतं. हेझल दोन जातींचे कॉलम भरून कोल्ड रूममध्ये ठेवायची. पिवळ्या पट्टीच्या कॉलमवरून प्रोटीन परत मिळायचं, एका जातीच्या साखरेचं पाणी ओतलं की ते मणी सोडून खाली यायचं. शॉनेडच्या प्रोटीनला हे मणी धरायला, टॅगखेरीज, वेगळी मूठ लावलेलीच होती. लाल पट्टीच्या कॉलममध्ये मात्र मण्यांवर कॅचर बसवलेला असायचा. टॅगवालं प्रोटीन त्यावर गेलं की गेलं. मग साखर ओता, मीठ ओता, नाहीतर त्याच्यासमोर नाक घासा. पट्टी सोडली तर दोन्ही कॉलम जुळ्या बहिणींसारखे दिसायचे.

नोव्हेंबरातली सकाळ होती. हेझल मिठाच्या पाण्याची बाटली आणायला कोल्ड रूममध्ये शिरली. आत शॉनेड अंगात जाड जाकीट घालून, पाठमोरी उभी राहून गात होती. तिच्यासमोर स्टँडवर एक कॉलम लावलेला होता आणि ती नळीतून आपलं प्रोटीन पिपेटमध्ये भरून त्यात सोडायच्या बेतात होती. कॉलमला पट्टी नव्हती. तिला वाटलं असेल, कुणीतरी पिवळी पट्टी लावायची विसरलं.

हेझलची नजर शेजारच्या ट्रेवर गेली. तिथे, ओल धरलेल्या पत्र्यावर, लाल पट्टीचं एक वेटोळं पडलं होतं. दमटपणाने सुटून गळलेलं.

तिला कळलं. त्या क्षणी कळलं, त्यात शंकेला जागा नाही. एक शब्द पुरला असता.

पण तिच्या डोळ्यांसमोर भलतंच आलं. हे प्रोटीन गेलं तर पुन्हा करायला अख्खा हिवाळा जाईल. अख्खा हिवाळा शॉनेड इथे. नाताळ इथे, सोमवारची प्रश्नमंजुषा इथे, वसंतात बागेतला वाफा खणायला ती इथे. डनीडिनवाले थांबायचे नाहीत, दुसऱ्याला घेतील, आणि मग कोण जाणे, इथेच काहीतरी निघेल. आणि यात हेझलचा काय दोष? तिने काही केलं नव्हतं. पट्टी ओलीने सुटली होती. तिने फक्त तोंडात मिठाची गुळणी धरून बाटली उचलायची आणि बाहेर पडायचं.

शॉनेडने एक पिपेट सोडलं. खाली थेंब पडू लागले. तिने दुसरं सोडलं. हेझल बाटली हातात घेऊन उभी राहिली, आणि दार उघडंच राहिलं.

पाठीला बाहेरची ऊब लागली तशी शॉनेड वळून न बघताच म्हणाली, "हेझल ना? बाहेर हो आणि दार लाव गं, गारठशील. तुझा खोकला अजून गेलेला नाहीये."

"थांब!" हेझल ओरडली. "हात काढ! तो लाल आहे!"

तिने बाटली टाकली, पुढे होऊन तोटी बंद केली आणि ट्रेमधलं वेटोळं उचलून शॉनेडच्या डोळ्यांसमोर धरलं. शॉनेड त्या पट्टीकडे बघत राहिली. मग कॉलमकडे, मग हातातल्या नळीकडे. नळीत अजून बरंच शिल्लक होतं. पण जे गेलं होतं ते गेलं होतं. तरी तिने वेड्या आशेने साखरेचं पाणी ओतून पाहिलं. खाली नुसतं पाणी आलं.

मग ती कोल्ड रूमच्या फरशीवर बसली आणि रडली, आणि रडता रडता हसली, आणि उठून हेझलला अशी घट्ट मिठी मारली की तिचा चष्मा वाकडा झाला. "तू आली नसतीस तर मेले होते मी. तू वाचवलंस मला."

हेझलने चष्मा सरळ केला आणि सांडलेलं पुसायला कपडा आणला.

उरलं तेवढं पुरलं. प्रोटीन गोळ्यांवर बसलं, उकळल्यावरही सुटलं नाही, शॉनेडचा जीव भांड्यात पडला. आणि ती ही गोष्ट सांगत सुटली. चहाच्या खोलीत सांगितली, प्राध्यापकांना सांगितली, फोनवरून आईला सांगितली. दर वेळी हेझल जास्तच चपळ व्हायची. डेस म्हणाला, "घारीची नजर आहे बाईची! माझ्या कोठारातले बिस्किटांचे पुडेसुद्धा तिला दाराबाहेरून दिसतात." सगळे हसले. हेझल कप धुवायला उठली. शिव्या खाल्ल्या असत्या तर पचल्या असत्या, ही शाबासकी घशाखाली उतरेना.

एकदा तिने प्रयत्न केला. घरी भांडी घासताना, शॉनेडच्या हातात पुसायचं फडकं असताना, ती सिंककडेच बघत म्हणाली, "त्या दिवशी मी जरा उशिराच बोलले."

"उशिरा कुठे? अगदी ऐन वेळेवर!" शॉनेड म्हणाली आणि ताटली फडताळात चुकीच्या जागी ठेवली.

नाताळाआधी निरोपाचा चहा झाला. जाणाऱ्याने काहीतरी गमतीचं द्यायची तिथली रीत. शॉनेडने डेसला लोकरीची मेंढी दिली. मग हेझलसमोर येऊन खिशातून तो कॉलम काढला. त्याला नवीकोरी लाल पट्टी, अगदी सरळ, नीट लावलेली. "यावर माझं थोडं चिकटून राहिलंय," ती म्हणाली, "ते काही आता सुटत नाही. म्हणून तुझ्याकडेच ठेव. म्हणजे मी पूर्ण गेले असं होणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरीने मनापासून दिलं होतं. हेझलने ते घेतलं, आणि विंचू हातावर घेतल्यासारखा हात ताठ धरून उभी राहिली.

विमानतळाच्या बसमध्ये शॉनेडला बसवून ती घरी आली तेव्हा मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. हेझलने ते लावलं नाही. कितीतरी दिवस ते तसंच राहिलं.

कॉलम तिने कोल्ड रूममध्ये आपल्या कोपऱ्यात ठेवला. मणी सुकले की कॉलम संपला, म्हणून दर शुक्रवारी ती त्यावर मिठाचं पाणी घालायची. एका नव्या मुलाने विचारलं, "हा परत वापरता येणार नाही ना? टाकून देऊ?" ती म्हणाली, "त्याला लाल पट्टी आहे ना? मग?" तो गेला. त्यावर जे होतं ते शॉनेडचं होतं खरं, पण ते तिथे चिकटलं ते हेझलच्या गप्प बसण्याने, हे दर शुक्रवारी तिला दिसायचं. डोळे मिटूनही दिसायचं.

शॉनेडचा फोन मात्र यायचा. दर रविवारी, तिची रात्र आणि हेझलची सकाळ. हेझलला वाटलं होतं, वसंतापर्यंत टिकेल. वसंत आला, ट्यूलिप आले आणि गेले, फोन येत राहिला. आणि मे महिन्यातल्या एका रविवारी शॉनेड म्हणाली, "मी इथल्या पोरांना तुझी गोष्ट सांगते, माहितेय? म्हणते, प्रत्येक प्रयोगशाळेत एक हेझल पाहिजे, दारातून बघितलं तरी कळणारी. कशी लगेच ओरडलीस तू..."

"नाही ओरडले लगेच," हेझल म्हणाली.

"म्हणजे?"

"मला आधीच दिसलं होतं. पट्टी पडलेली. तू पहिलं पिपेट सोडायच्या आधी. मी उभी राहिले. तू ते सोडलंस, मग दुसरं सोडलंस, आणि मी उभीच राहिले. मला वाटलं, जाऊ दे सगळं. म्हणजे तू राहशील."

समुद्राच्या तळातून तार गेलेली असते म्हणतात. तेवढी सगळी शांतता हेझलच्या कानाशी आली.

"मग बोललीस तरी कशाला?" अखेर शॉनेडने विचारलं. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"तू दार लाव म्हणालीस म्हणून. माझा खोकला गेला नाही म्हणालीस."

शॉनेड "ठेवते" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. हेझलने सकाळभर फोनजवळच्या खुर्चीत बसून वाटाणे सोलले. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही. ती चर्चला गेली नाही, बागेत गेली नाही. एकदा फोन चालू आहे ना ते कानाला लावून पाहिलं. सोमवारी प्रश्नमंजुषेच्या वेळी तिने टीव्ही लावलाच नाही. केलं ते बरं केलं, असं ती स्वतःला सांगत होती, पण त्याने घर काही लहान होत नव्हतं. मागच्या खोलीतून वारा येई आणि जिन्यावरून खाली उतरे. आता फ्रिजच्या दारावर कार्डसुद्धा लागणार नाही, ती मनाशी म्हणाली, आणि ते आपल्याच हाताने.

तिसऱ्या रविवारी फोन वाजला तेव्हा तिच्या हातातला चहा सांडला.

"हॅलो," ती म्हणाली. पलीकडून नेहमीसारखं "मी गं" आलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागे कुठेतरी पावसाचा आवाज. तिकडे हिवाळा लागत होता.

"शॉनेड?"

"माझी खोली," शॉनेड म्हणाली, आणि थांबली. तिने नाक ओढलं. "माझ्या खोलीचं दार उघडंच आहे ना अजून? मी ओळखते तुला. लाव ते. गारठशील."

हेझलने फोन टेबलावर ठेवला, बंद केला नाही. ती जिना चढून वर गेली, दार लावलं, आणि कडी बसल्याचा आवाज खाली फोनपर्यंत जावा म्हणून पुन्हा उघडून जरा जोराने लावलं. मग खाली येऊन फोन उचलला.

"लावलं," ती म्हणाली.